नवरदेव देवळात असेपर्यंत

आमच्या बँडच्या जुन्या कॅसेटी पुण्याच्या एका माणसाला हव्या आहेत. विसरल्या गेलेल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं तो जमवतो. मैफल हा त्याचा शब्द. आम्ही नळदुर्गाच्या आसपास लग्नांत वाजवायचो. परण्या निघाला की, म्हणजे नवरदेव मिरवत देवदर्शनाला निघाला की, त्याच्या घोड्यापुढं सिनेमाची गाणी. घोडा मारुतीच्या देवळापाशी थांबायचा, नवरदेव पाया पडायला आत जायचा, आणि तो बाहेर येईपर्यंतचा वेळ आमचा. रेडिओवर ऐकलेला जॅझ, त्याच्याखाली संबळ, आणि सॅक्सोफोन वाट्टेल तिकडं निघालेला. वऱ्हाडी एकमेकांना विचारायचे, "ह्यांचं बिघडलं का काय?"

मी की-बोर्ड वाजवायचो. हातगाडीवर उंच बसलेला असायचो, म्हणून देवळाच्या दारावर लक्ष ठेवणं माझ्याकडं. नवरदेव दिसला की मी हात वर करायचा, मग सॅक्सवाला लगेच लग्नाच्या गाण्यावर यायचा. माझ्या पायाशी टेप चालू असायचा.

एक कॅसेट खराब झाली, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. ती खराब नाही. आमचं सगळ्यात चांगलं तिच्यातच आहे.

त्या दुपारी संबळ सात मात्रांत चाललं होतं, मी पाच मात्रांत, आणि सॅक्सवाला डोळे मिटून दोन्हींच्या मधून वाट काढत होता. असं पुन्हा कधी जमलं नाही. नवरदेव बाहेर आला. मी बघितलं. टेपमध्ये संबळवाल्याचा आवाज आहे, "आला की रं बाहेर." आणि माझा, "येऊ दे. त्याला वाजवू दे, सांगू नको."

नवरदेव उन्हात ताटकळला. त्याचा मामा आला आणि समोर उभ्या सॅक्सवाल्याच्या तोंडात ठेवून दिली. वाद्य ओठांत होतं. पुढचा दात गेला, आणि मग त्याची फुंक कधी नीट बसली नाही. मला कुणी हात लावला नसता. मी गुरुजींचा मुलगा. सॅक्सवाला मामाच्या पाया पडला. नंतर रक्त थुंकत मला म्हणाला, "मास्तर, तू हात केला आसशील. म्याच बघितलं न्हाय."

मी "हं" म्हणालो.

संबळवाला गेल्या वर्षी गेला. आता मी आणि ती कॅसेट. कॉम्प्युटरवर ती दोन वाक्यं मी कापून पाहिली. जोड मलाही ऐकू येईना. पण धाडवेना. शेवटी न कापलेलं मोबाइलवर घेतलं आणि उमरग्याला गेलो. सॅक्सवाला तिथं मुलाच्या टायरच्या दुकानात बसतो.

"लाव," म्हणाला, आणि हवेचं मशीन बंद केलं. ऐकताना त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. आमचे आवाज आले तशी थांबली. पुढं मार, सॅक्सची किंकाळी, संपलं.

"परत लाव."

माझ्या वाक्यापाशी त्यानं हातानं थांबवलं.

"हात केलाच न्हवता व्हय तू?"

"नाही."

"आन् म्या त्या मामाच्या पाया पडलो."

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, च्या टाकू का?"

"नको," तोच म्हणाला. "त्याला निघायचंय."

मी उठलो. तो मोबाइलकडंच बघत होता. "कायबी कापू नको. आसंच जाऊ दे पुण्याला. लई चांगलं वाजलंय." मग मशीन चालू केलं. पुढं मी काही बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

रस्त्याला बराच वेळ गाडी मिळाली नाही. ट्रक जात होते, मी धूळ खात उभा होतो. घरी येऊन आधी ते पाठवलं.

पुण्याच्या माणसाचा फोन आला. फार खूश होता. म्हणाला, "मध्ये कोणीतरी बोलतंय. काढून टाकता येईल. कोण आहे ते?"

"मी आहे," म्हणालो. "राहू द्या."