मंडळाच्या गाडीची टाकी

यशपाल मेश्रामला राग लवकर येतो हे नागपुरात त्याच्या आईला माहीत होतं, जर्मनीत रेगेन्सबर्गमध्ये त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि डोनाव मराठी मंडळाला नुसतं ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष कुणी पाहिला नव्हता. मंडळाच्या बैठकीत हा माणूस तोंडच उघडायचा नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, बायको-मुलीला घेऊन निघून जायचा. विद्यापीठात तो गंजावर संशोधन करायचा. धातू कुठून सडतो, कसा सडतो, का सडतो, दिवसभर तेच बघायचं. मंडळातले टवाळ त्याला 'गंजवाले' म्हणायचे आणि तोही हसल्यासारखं करायचा.

पहिल्यांदा तो मंडळात आला तेव्हा अध्यक्ष गौरांगने मोठ्या प्रेमाने विचारलं होतं, "मेश्राम म्हणजे विदर्भाकडचे का?"

"हो. नागपूर. इंदोरा."

"अच्छा, अच्छा," गौरांग म्हणाला, आणि त्यातला दुसरा 'अच्छा' जरा खालच्या पट्टीत निघाला. बस, एवढंच. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही की वावगं बोललं नाही. समोरच्याला तक्रार करायला जागाच ठेवायची नाही, ही पण एक कला असते. आपल्या लोकांइतकी ती कुणाला साधलेली नाही.

मंडळाची एक गाडी होती. एकोणीसशे एकोणसत्तर सालची अमेरिकन पिकअप, निळी, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारी. जवळच्या छावणीतला एक अमेरिकन सैनिक मायदेशी परतताना विकून गेला होता. वर्गणी सगळ्यांची, कागदावर नाव गौरांगचं. गणपतीत तिच्या हौद्यावर मूर्ती बसायची, पुढे लेझीम चालायचं, आणि फुटपाथवरचे जर्मन म्हातारे टाळ्या वाजवायचे. मूर्तीला वाजवायचे की गाडीला, कोण जाणे. २००७ साली विसर्जन झालं आणि गाडीच्या केबिनमध्ये पेट्रोलचा वास मारायला लागला.

आता या जुन्या पिकअपची एक गंमत असते. पेट्रोलची टाकी खाली कुठेतरी नसते, ती असते केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे. म्हणजे तुम्ही आरामात टेकून बसता आणि तुमच्या पाठीशी सत्तर लिटर पेट्रोल डुचमळत असतं. गाड्या तपासणाऱ्या ट्यूफ या संस्थेच्या तपासनिसाने नाक आत घातलं, जर्मनमध्ये नकाराचं "नाइन" म्हणाला आणि निघून गेला. त्याचा शिक्का नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. जुन्या मापाची टाकी विकत मिळेना, म्हणजे नवी बनवणं आलं. कशाची बनवायची यावर बैठक बसली.

हा काय मताला टाकायचा विषय आहे? पण मंडळात सगळंच मताला पडायचं. मोदक तळणीचे की उकडीचे, इथपासून. गौरांग कारखान्यात पत्र्याच्या विभागात, म्हणून तो म्हणाला, पोलादी पत्रा, वर जस्ताचा मुलामा, मूळ गाडीत होता तसा. श्रीरंग प्लास्टिकच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत, त्याच्या मते प्लास्टिक सोडून बाकी सगळा वेडेपणा. राजाभाऊ म्हणजे मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ, त्यांचा जन्म ॲल्युमिनियममध्ये गेलेला. ते म्हणाले, "अरे, हलकी, गंजत नाही, अजून काय पाहिजे?" हात वर झाले. ज्याचा पगार ज्या मालातून, त्याचा हात त्या मालाला. तासभर हात वर होत राहिले आणि एकही जण दुसऱ्या बाजूला सरकला नाही.

दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "जुनी कशाने मेली, ते बघितलं का कुणी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. गंजवाले बोलले होते.

यशपालने जुनी टाकी नेली, वाफेने धुऊन कापली. वरून धडधाकट, आतून तळाला चाळण. गाडी वर्षातून चार दिवस चालायची आणि बाकी वर्षभर शेडमध्ये अर्ध्या टाकीवर उभी राहायची. रिकाम्या भागातल्या हवेला थंडीत दहिवर सुटायचं, पाणी तळाशी बसायचं आणि पत्रा कुरतडायचं. वरून आता पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागले होते, ते अजून पाणी ओढतं. पुढच्या बैठकीत त्याने हे सांगितलं. मुलाम्याचा पत्रा पुन्हा असाच मरेल. ॲल्युमिनियमला टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखाली ओल धरली की भोकं पडतात. श्रीरंगचं प्लास्टिक चांगलं, पण या मापाचा साचा कोण बनवणार, आणि साधं प्लास्टिक वापरलं तर त्यातून वास झिरपतो. केबिनमध्ये पोरं बसतात. तेव्हा स्टेनलेस. नीट वेल्ड केलं, मधे आडवा पत्रा घालून पेट्रोलचं डुचमळणं थांबवलं, आणि आत पाणी जाऊ दिलं नाही, तर आपण जाऊ पण टाकी राहील.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" गौरांग म्हणाला. "यशपाल, तूच घे रे मनावर."

"घेतो," यशपाल म्हणाला. "पण चौदा एप्रिलला गाडी आम्हाला पाहिजे. बाबासाहेबांची जयंती आहे. येनाहून, म्युनिकहून आमचे लोक येणार. फोटो गाडीवर ठेवून मिरवणूक काढायची."

"अरे, हे काय विचारणं झालं? गाडी सगळ्यांचीच आहे!"

घरी आल्यावर बायको, धम्मदीपा, म्हणाली, "सगळ्यांसमोर पुन्हा एकदा वदवून घ्या. 'हे काय विचारणं झालं' म्हणजे हो नसतं."

"तुला प्रत्येकात खोट दिसते, दीपा."

"दिसते, कारण असते."

अख्खा हिवाळा त्याने त्या टाकीत घातला. गावाबाहेर ब्रुनर नावाच्या म्हाताऱ्याचं वर्कश्टाट, म्हणजे गॅरेज, होतं, तिथे दर शनिवारी जायचं, बोटं बधिर होईपर्यंत काम करायचं. पुठ्ठ्याचा नमुना कापला, पत्रा वाकवला, एक वेल्ड मनासारखा आला नाही तर पूर्ण घासून परत केला. हवा भरून टाकी पाण्यात बुडवली, बुडबुडा नाही. मग गरम हवेने आतून अशी सुकवली की ब्रुनर म्हणाला, बाळाला पण कुणी एवढं पुसत नाही. इंजिनाआधी त्याने काचेच्या वाटीचा फिल्टर बसवला, म्हणजे काही गडबड झाली तर डोळ्यांना दिसेल. फेब्रुवारीत ट्यूफच्या त्याच माणसाने पुन्हा नाक घातलं, बराच वेळ हुंगलं, आकार जुन्यासारखाच आहे बघून मान हलवली आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी यशपालने आईला फोन लावला. "आई, यंदा जर्मनीत बाबासाहेब गाडीतून निघणार. मी केलेल्या गाडीतून." खरं म्हणजे त्याने फक्त टाकी केली होती, पण आईला कोण टाकी समजावत बसणार? गयाबाई रडल्या, मग शेजारणीला हाक मारून तिला सांगायला गेल्या, फोन तसाच ठेवून. तो पलीकडचा गलका ऐकत बसला आणि त्याला वाटलं, जमलं आपल्याला.

पाडव्याला मंडळाची शोभायात्रा निघाली. हौद्यात उंच गुढी, नऊवारीतल्या बायका, गौरांग स्टिअरिंगवर फेटा बांधून. पुलाचा चढ लागला आणि गाडीने दोन आचके दिले. मग ठप्प. मागे बस अडकली, बसच्या मागे अजून बस. यशपाल धावत पुढे गेला, तोवर गौरांग खाली उतरून सगळ्यांदेखत ओरडत होता, "तुझी टाकी! म्हटलं होतं मी साधा पत्रा लावा. हुशारी नडली तुझी!"

यशपालने मागून गाडीला खांदा लावला. नऊवारीतल्या बायका गाडी ढकलत होत्या आणि त्याची मुलगी जर्मनमध्ये विचारत होती, बाबांनी काय बिघडवलं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी गौरांगचा फोन आला. गोड आवाज. "कमिटीने ठरवलंय, चौदाला गाडी नको द्यायला. आल्झो, म्हणजे तुझ्याच भल्यासाठी. रस्त्यात बंद पडली तर तुमच्याच कार्यक्रमाचं हसं व्हायचं. आणि तसंही, राजकीय गोष्टींना मंडळाची गाडी नको असं काहींचं होतंच."

"राजकीय?"

"माझं नाही रे, काहींचं."

राग आलाच, पण त्याच्या आधी शंका आली, आणि तीच जास्त जाळत होती. खरंच आपला वेल्ड फुटला असेल का? झाकणातून पाणी गेलं असेल का? आयुष्यभर दुसऱ्यांच्या धातूतला दोष शोधला, स्वतःचाच दिसला नाही की काय? दुसऱ्या दिवशी तो धम्मदीपाला घेऊन शेडवर गेला. फिल्टरची काचेची वाटी उघडली. पाणी. टाकीची तळाची चावी सोडून बरणीत धरलं. खाली पाणी, वर पेट्रोल, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. चांगलं तांब्याभर पाणी निघालं. दहिवराचं एवढं पाणी जमायला वर्षं लागतात, आणि ही टाकी कालपरवाची. तो बरणी उजेडात फिरवत होता तेवढ्यात धम्मदीपाने बोट दाखवलं. तळाशी काळं पडलेलं एक पान होतं.

"तुळस आहे ही," ती म्हणाली.

पेट्रोलच्या टाकीत तुळस! यशपाल खाली बसला. टाकी शाबूत होती, वेल्ड शाबूत होता, आणि त्याला हसू आलं. "पूजा केली असेल गाडीची. अन् ओतलं गंगाजळ. काय इंजिनिअर लोक आहेत बे हे!"

धम्मदीपा हसली नाही. "पूजेत पाणी शिंपडतात. तांब्याभर आत कोण ओततं? बाबासाहेब पाणी प्यायले तर महाडचं तळं पण शुद्ध करून घेतलं होतं लोकांनी."

"उगाच काहीही मनात आणू नको. त्यांची पद्धत असेल. सगळ्याच नव्या वस्तूंना करत असतील."

"विचारा मग."

शनिवारी गौरांगच्या घरी कमिटी बसली होती. दार त्याच्या बायकोने, कुंदाने उघडलं. "या ना, यशपालदादा," ती म्हणाली. भाबडी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यशपालने झाकण घट्ट लावलेली बरणी टेबलावर ठेवली, चिवड्याच्या वाडग्याशेजारी. पाणी, पेट्रोल, पान, सगळं दिसत होतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सगळे इंजिनिअरच होते.

राजाभाऊंनी चष्मा पुसायला काढला. श्रीरंग चिवडा खायचा थांबला.

"बरं, ठीक आहे," गौरांग म्हणाला. "मार्चमध्ये पूजा केली होती. तुम्ही लोक मानत नाही, म्हणून तुला बोलावलं नाही, उगाच तुला अवघड वाटायला नको. राजाभाऊंनी काशीहून गंगाजळ आणलं होतं, ते घातलं. जरा जास्त पडलं असेल. चुकलं. गाडी घेऊन जा चौदाला, मी कमिटीतर्फे सांगतो. झालं समाधान?"

झालंच होतं. खरं तर एवढंच हवं होतं. टाकी निर्दोष, गाडी मिळाली, आईला दिलेला शब्द राहिला. 'हो' अगदी ओठांवर आला होता. पण धम्मदीपाचं बोलणं कानात होतं आणि ते खोटं पडावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. म्हणून त्याने विचारलं, अगदी हळू, "गौरांग, तुझी नवी कार आली ना जानेवारीत. तिची पण पूजा केलीस. तिच्या टाकीत ओतलं होतंस?"

हो म्हण, तो मनात म्हणत होता. खोटं का होईना, हो म्हण.

गौरांगने चिवड्याचा वाडगा पुढे ओढला. उत्तर चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कुंदाने दिलं. "इश्श, यशपालदादा, तिच्यात कशाला ओतू? ती कंपनीतून आलेली. ही तुम्ही हाताने केलेली ना."

तिने ट्रे खाली ठेवला, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि आपलं काय चुकलं ते तिला कळेना. राजाभाऊंचा चष्मा पुसून होत नव्हता. मोठमोठ्या पगारांची ती माणसं, पण एकानेही 'कुंदा, असं नाही गं' एवढंसुद्धा म्हटलं नाही.

"तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ," यशपाल म्हणाला. आवाज चढला नाही, आणि मंडळाला त्याचा राग पाहायचाच होता तर तो हाच होता. त्याने बरणी तिथेच राहू दिली, शेडची किल्ली वाडग्याशेजारी टाकली आणि जिना उतरला.

चौदाला बाबासाहेब चालत निघाले. फोटो यशपालने दोन्ही हातांत धरला होता. येनाहून आलेली पोरं निळे झेंडे घेऊन पुढे, धम्मदीपा आणि मुलगी शेजारी. पुलाच्या चढावर हात भरून आले, पण त्याने फोटो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. मागे नागपुरातली मिरवणूक वाजत होती, तिला ओरडून बोलावं लागत होतं. "निघाले का रे बाबासाहेब गाडीतून?"

"नाही, आई. चालत निघाले."

"काऊन? गाडी नाही दिली?"

"देत होते. मीच नको म्हटलं."

गयाबाईंनी फोन ढोलाच्या दिशेने धरला. का म्हणून विचारलं नाही.