दोन सीटची वरात

अक्षर वाईट आहे, चुकाही होतील, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले.

एक कॉलेजातला मुलगा घाटकोपरला माझ्या फुलांच्या टोपलीपुढे लाल स्पोर्ट्स कार थांबवायचा. कर्जावर घेतलेली, दोनच सीटची. हप्ते थकले तर बँक उचलून नेईल, म्हणून नवरदेवांच्या वरातीला भाड्यानं द्यायचा आणि स्वतःच चालवायचा. मी हार बांधताना ओरडायचा, "मावशी, चिकटपट्टी नको गं, रंग जाईल! दोऱ्यानं बांध ना!"

नवरदेवासोबत आलेली करवली रुसायची, "मी कुठं बसू रे?"

"डिकीत!"

काल म्हणाला, "मावशी, एकदम झकास सजव."

सजवली. "नवरदेव कुठाय रे?"

"नाहीये. तू बस."

भर रस्त्यात लाजून मेले, पण बसले.

हॉर्न दाबत तो ओरडला, "आज गाडीचीच वरात, मावशी! सगळं कर्ज फिटलं!"