बी विंग आणि बिरूच्या मेंढ्या

वाढत्या गावात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बांधकामापुढे वाळूचा ढीग पडलेला असतो तसे. रोज कुणीतरी घमेलंभर नेतं, पण ढीग काही हलत नाही. कऱ्हाडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरातून मी चार दिवस बाहेर गेलो, तरी परत येईपर्यंत कट्ट्यावर दोन नवे किस्से तयार असतात. कट्टा म्हणजे कॉलनीच्या तोंडाशी पडलेले सिमेंटचे मोठे पाइप. गटारासाठी आणले होते. गटार झालं, पाइप उरले. कसे उरले ते कुणी विचारत नाही. आम्हाला बसायची सोय झाली!

त्यावर संध्याकाळी आम्ही तिघं ठरलेले. मी शाळामास्तर, म्हणून सगळ्यांचा ‘सर’. माने साहेब आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आणि आबा, म्हणजे पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले गृहस्थ. ही अख्खी कॉलनी त्यांच्या उसाच्या रानावर उभी आहे. आबांनी सगळं रान प्लॉट पाडून विकलं, बी विंगशेजारचा एक प्लॉट तेवढा ठेवला. यंदा दिवाळीनंतर त्या एका प्लॉटपायी आमच्या जिवाला घोर लागला. तेच सांगायचंय, पण त्याच्या आधीचे किस्से ओलांडून तिथं जाता येत नाही.

* * *

आमच्याकडे पत्ता सांगायची एकच रीत. “आंब्यापासनं डावीकडं.” तो आंबा रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. मी इथं राहायला आलो तेव्हा तो नव्हता, मान्यांनीही पाहिलेला नाही. तरी आम्ही दोघं दूधवाल्याला, गॅसवाल्याला, पाव्हण्यांना आंब्यापासूनच वळवतो.

खंडाळ्याहून नोकरीसाठी आलेला एक भाडेकरू सामानाचा टेम्पो घेऊन भर उन्हात फिरत होता. शेवटी त्यानं आबांना फोन लावला. “काका, मी बराच वेळ फिरतोय. आंबा कुठं आहे?”

आबा पाइपवरून त्याच्याकडेच बघत होते. म्हणाले, “तू त्याच्या बुडातच हुबा हायस की!”

पुढं त्याच कोपऱ्यावर औषधांचं दुकान निघालं. मालक कुठला बाहेरचा, पण गिऱ्हाईक चुकू नये म्हणून त्यानं पाटी लावली, ‘आंबा मेडिकल’. आबांनी पाटीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“चला, पालवी फुटली.”

* * *

माने साहेबांनी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ती कॉलनीतल्या वळणावर भिंतीला घासली. साहेब तणतणत कट्ट्यावर आले. “सपाट जमीन, मोकळं रान, मग रस्त्याला हे वाकडं वळण काढलं कुणी? कुठला इंजिनिअर होता?”

“इंजिनेर न्हवं, माझा चुलता,” आबा म्हणाले. “तितनं आमचा बांध जायाचा. चुलता दरसाल नांगरताना बांध थोडा थोडा माझ्याकडं सरकवायचा. फुडं रस्ता त्याच बांधावनं काढला.”

“म्हणजे माझ्या गाडीला चरा तुमच्या चुलत्यानं पाडला!”

“तुमचं एका चऱ्यावर भागलं, साहेब. आमची भावकी तेवढ्यापायी म्हातारी झाली.”

आता त्या वळणावर कुणाची गाडी घासली की माने साहेब खिडकीतून सांगतात, “आबांचा चुलता!”

* * *

एकदा विषय निघाला, कोण कशासाठी इथं आलं. माने साहेब रहिमतपूरचे. मुलीच्या क्लाससाठी आले. मुलगी शिकून बंगळुरूला गेली आणि हे नवराबायको क्लासच्या गावात राहिले. बी विंगमध्ये निम्मे लोक पूर्वेकडच्या कोरड्या भागातले. कुणी नोकरीला आलं, त्यानं भावाला आणलं, भावानं मेव्हण्याला. एका घराच्या मागं एक वाडी येते. मग किराणा दुकान येतं, मग झेरॉक्स, मग केक शॉप, आणि केक मिळतो म्हणून आणखी माणसं येतात!

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, “शैलाला दवाखाना जवळ हवा होता.”

शैला म्हणजे माझी बायको. गेल्या श्रावणात ती गेली. ज्या कामासाठी आलो होतो ते संपलं. मी राहिलो. आबा खाकरले.

“तुमी सगळी कुठनं कुठनं आला. मी कुठनंच आलो न्हाई. मी हितंच हुतो, शार आलं.”

* * *

आता मेंढ्या.

दिवाळी झाली की माण तालुक्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन नदीकाठाकडे उतरतात. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी त्यांना मुक्कामाला बोलावतो. मेंढ्या रानात बसल्या की लेंडीमुताचं खत आयतं पडतं. धनगराला धान्य मिळतं, रानाला कस. याला मेंढ्या बसवणं म्हणतात. आबांच्या रानात बिरूचा कळप बसायचा, त्याच्या आधी बिरूच्या वडिलांचा.

कॉलनी झाली त्या पहिल्या वर्षी आबा लेकाकडे पुण्याला गेले होते. बिरू आपल्या वाटेनं आला. नव्या इमारती बघून तो रस्त्यात थबकला, पण मेंढ्या थबकल्या नाहीत. पुढची मेंढी सवयीनं वळली आणि सगळा कळप सरळ बी विंगच्या पार्किंगमध्ये जाऊन बसला! स्कूटरांच्या मधे, गाड्यांच्या खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत.

माने साहेब बनियनवर धावत खाली आले. “अरे, कुणाच्या मेंढ्या या? कुणी सोडलं आत?”

बिरूनं काठीवर हनुवटी टेकली आणि शांतपणे विचारलं, “आवं, आमी दरसाल हितंच बसतो. तुमी कवा आला?”

साहेब मेंढ्या हुसकायला लागले. शैला मात्र चहा घेऊन खाली गेली. बिरूच्या बायकोशी, हिराबाईशी, तिची तिथंच गट्टी जमली.

* * *

आबा परतले आणि उरलेला प्लॉट त्यांनी बिरूसाठी ठेवला. “तुझ्या बाला शब्द दिलाय. हितली जागा मोडायची न्हाई.” तेव्हापासून दर वर्षी कळप तिथं बसायचा. शैला हिराबाईला चहा द्यायची आणि लेंडीखताचं पोतं घेऊन यायची. आमच्या गॅलरीतल्या तिच्या वांग्यांनी त्या खतानं असा जोर धरला की माने साहेब चौकशीला आले. तिनं त्यांना अर्धं पोतं दिलं. पहिल्या वर्षी पार्किंगमध्ये ओरडलेले माने साहेब पुढच्या वर्षी दिवाळीपासूनच रस्त्याकडे डोळे लावून बसले. “बिरू आला का हो?” बी विंगमध्ये घरोघर कुंड्या झाल्या.

आणि यंदा आबांच्या लेकांनी तो प्लॉट इमारतीला दिला. जेसीबीनं खड्डा काढला. त्यांनाही दोष देता येत नाही. एका प्लॉटवर दोघांची घरं होणार होती.

आबा पाइपवर खड्ड्याकडे पाठ करून बसायला लागले. “पलटणीत शब्द मोडला न्हाई कवा,” एवढंच एकदा म्हणाले. मग मला म्हणाले, “सर, तुमी बिरूला फोन करून सांगा. माझ्या तोंडातनं निघंना.”

मी हो म्हटलं. फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. बिरूला फोन केला की हिराबाई मागून विचारणार, “बाई कशा हायत?” तेही मला सांगायचं होतं.

* * *

एका सकाळी आंबा मेडिकलवाल्याचा फोन आला. “सर, मेंढ्या वळल्या!”

मी धावलो. आबा खड्ड्याच्या कडेला उभे होते, बिरू शेजारी. दोघंही आत बघत होते. मेंढ्या रस्ताभर पसरलेल्या, मागं गाड्यांचे हॉर्न.

“बिरू, माझा शब्द ऱ्हायला न्हाई रं,” आबा म्हणाले.

बिरूनं खड्ड्यात पुन्हा एकदा पाहिलं. “लय खोल काढलाय, आबा. इमारत मोठी दिसती.” मग वळून मेंढ्यांना हाळी द्यायला लागला. “जातो फुडं.”

तेवढ्यात खडखडाट झाला. सोसायटीच्या बागेचं फाटक माने साहेब स्वतः उघडत होते. तीच बाग, जिच्या हिरवळीवर पाऊल टाकलं म्हणून त्यांनी माझ्यासकट सगळ्यांना झापलं होतं!

“फुडं कुठं निघालास?” साहेब ओरडले. “तुम्ही दरसाल इथंच बसता ना?”

मेंढ्या आत शिरल्या. ‘हिरवळीवर चालू नये’ या पाटीलाच एकीनं अंग घासलं. दुपारपर्यंत बी विंगची लिफ्ट नुसती कुंड्या उतरवत होती, माणसं जिन्यानं. कुणी बादली आणली, कुणी फुटका टब, माती भरलेला. रोपं वर ठेवून नुसती माती खाली. मेंढ्या रानात बसत नाहीत तर रानच मेंढ्यांकडे आणलं! माने साहेब ओळी लावत होते. त्या ओळींमधून आबा हात मागं बांधून फिरत होते, ऊस तुटल्यावर सरीतून फिरत असावेत तसे.

मीही शैलाच्या कुंड्या खाली आणल्या. श्रावणापासून त्यांना हात लावला नव्हता. माती दगडासारखी झाली होती.

हिराबाईनं मला कुंडी घेऊन येताना पाहिलं. मग माझ्या मागं, जिन्याकडे पाहिलं. तिथून कुणी आलं नाही. तिनं कुंडी माझ्या हातातून घेतली, कळप जिथं सगळ्यात दाट बसला होता तिथं नेऊन ठेवली. परत येऊन दुसरी नेली.

मग हिरवळीवर तीन दगड मांडून तिनं चहाचं आधण ठेवलं. पहिला पेला आबांना, दुसरा माने साहेबांना. माझा तिनं वेगळ्या भांड्यातून ओतला.

“घ्या, सर. साखर कमी हाय. बाईंनी सांगितल्यालं.”