चार हजारांपैकी अडीच

मार्चमधला दुसरा मंगळवार, हॅमिल्टनचं हॉस्पिटल. रक्कम: चार हजार डॉलर, इथल्या आमच्या मराठी मंडळाने आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी कबूल केलेली, पण न दिलेली. हजर: डॉक्टर, माझी बायको विद्या आणि पेशंट म्हणून मंडळाचा खजिनदार, म्हणजे मी.

माझी झोप गेली होती, साध्या बेरजा चुकत होत्या. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी हो म्हणालो. विद्याने माझी बाही घट्ट धरली. निदान: मेजर डिप्रेशन. हे नुसतं उदास वाटणं नव्हे. आपण घरच्यांवर ओझं आहोत, हा खोटा हिशेब या आजारात खरा वाटतो.

नऊ दिवस आत होतो. सोडताना डॉक्टर म्हणाले, "घरी गेल्यावरचे पहिले आठवडे जपा. एकटे राहू नका."

आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या एका स्थानिक संस्थेची कार्यकर्ती आरोहा दर गुरुवारी येऊ लागली. दारातूनच तिच्या भाषेत नमस्कार घालून म्हणायची, "किआ ओरा, चहा टाका!" मग मला चालायला बाहेर काढायची. संस्थेला एक ट्रस्ट पैसे देणार होता. अट एकच: समाज जेवढे घालेल, तेवढेच तो घालणार. समाज म्हणजे आम्ही. आणि आमचे चार हजार एका शब्दावर अडले होते.

"ठरावात 'आत्महत्या' हा शब्द नको हो," मंडळाचे अध्यक्ष म्हणत. "पोरांची लग्नं व्हायचीत. वेलनेस लिहू, योगशिबिर घेऊ."

जूनच्या सभेत मी उभा राहिलो. "योगासनं मी रोज करत होतो. तरी जीव द्यावासा वाटला, नऊ दिवस हॉस्पिटलात काढले. लिहा तो शब्द."

"खजिनदार, तब्येत सांभाळा. बसा."

"नाही बसणार," मागून विद्या म्हणाली. "दोन महिने बसूनच होते."

शब्द राहिला, रक्कम कापली. दीड हजार योगशिबिराला गेले, त्यामुळे ट्रस्टचेही दीड हजार बुडाले. शिबिराच्या बॅनरवर अध्यक्षांचा फोटो झळकला. माझा संताप अजून उतरलेला नाही.

तुमच्या घरात कोणी गप्प झालं असेल तर सरळ विचारा. विचारल्याने कोणी मरत नाही. मला विचारलं म्हणून मी वाचलो.

शिबिरानंतर अध्यक्षांचा फोन आला. आवाज पडलेला. "ती गुरुवारची बाई... ओळखीतल्या एकांना गरज आहे."

"धीर धरवत नसेल तर आजच हॉस्पिटलात न्या. आरोहाकडे रांग आहे."

"एवढी?"

"बुडालेल्या तीन हजारांएवढी."

त्यांनी फोन ठेवला. मग मी आरोहाला फोन लावला.

अखेर दिलं ते असं: मंडळाचे अडीच हजार आणि ट्रस्टचे अडीच, आरोहाच्या संस्थेला. माझा गुरुवार, अध्यक्षांच्या ओळखीतल्या त्या माणसाला.