थेंब बुडाला तर चांगलं

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. उसाअभावी साखर कारखान्याचं धुराडं थंड होतं. चेअरमनसाहेबांचा वाढदिवस मात्र वेळेवर आला. कारखान्यावर रक्तदान शिबिर ठेवलं आणि दर बाटलीमागं पाण्याचा एक ड्रम जाहीर झाला. टँकर चार दिवसांनी यायचा, त्यामुळं सगळं गाव एकाएकी दानशूर झालं. आमच्या घरातल्या पुरुषांना सुईची भीती, म्हणून आम्हा दोघी जावांना पाठवलं.

नर्सबाई बोट टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडत होती. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर कमी. माझा घुटमळला आणि वर आला. धाकट्या जावेचा तर खाली जायलाच तयार नव्हता. ओळीतल्या बायका एकामागून एक नापास होऊ लागल्या, तसे एक संचालक कळवळले, "बाई, घ्या की चालवून! आकडा भरायचाय."

"कमी साखर-उताऱ्याचा ऊस तुमी घेता का, साहेब?" नर्सबाई म्हणाली. मग जावेची पापणी खाली ओढून मला म्हणाली, "हिला उद्याच दवाखान्यात न्या. लई उशीर केलाय."

उशीर कुणी केला? घरात तिचा आजार आधीच ठरला होता: आळस. हंडा उचलला की धाप लागते, आळस. चुलीमागची माती खाते, वाईट वळण. दोन वर्षं हेच निदान चाललं होतं, आणि त्यात मीही होते.

तालुक्याच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं. "धा-धा दिवस जातं," जाऊ म्हणाली. तोवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. सोबत आलेल्या सासूबाईंनी लगेच तोडगा काढला, "मग पिशवीच काढून टाका."

"आजी, पत्रा गळाला म्हणून घर पाडता का?"

शिरेतून लोह दिलं, जंताची गोळी दिली, रक्तस्राव आटोक्यात आणायचं औषध दिलं. घरी लोहाच्या गोळ्या. लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायच्या, चहासोबत नाही. मलाही त्याच दिल्या. शौचाला काळी झाल्यावर दीर घाबरला, "हिची आतडी जळाली!" त्याला मी म्हटलं, लोखंड खाल्ल्यावर काय पांढरी होणार?

तीन महिन्यांत ती साडेदहावर आली. माती सुटली, दम टिकायला लागला. आणि एका सकाळी सासूबाई ओरडल्या, "का बसलीस गं?"

"चार हंडे आणलेत, आत्याबाई. पाचवा तुमी आणा."

संध्याकाळी सासूबाईंनी नवं निदान सांगितलं, "गोळ्या गरम पडल्या हिला. बंद करा."

मी पाकिटं माझ्या पेटीत टाकून कुलूप लावलं. रक्त पुरेसं वाढल्यावरही तीन महिने गोळ्या घ्यायच्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी एक दिवस चुकवला नाही. सासूबाईंना ऐकून घ्यायची सवय लागायलाही साधारण तेवढेच दिवस लागले.