टायरला कान लावणारे मामा

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत त्या काळी जेवढ्या गाड्या धावत होत्या, त्यांतल्या निम्म्या गाड्यांच्या टायरांना माझ्या बायकोच्या मामांचा कान लागलेला होता, असं मी म्हटलं तर ऐकणाऱ्याला ती जावयाने केलेली अतिशयोक्ती वाटेल. थोडीशी ती आहेच. पण धुळ्याच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांसमोर शिंदखेड्याची जीप, चोपड्याच्या डॉक्टरांची गाडी आणि कुठल्याशा सरपंचाचा ट्रॅक्टर एका रांगेत उभे असलेले मी स्वतः पाहिले आहेत. आणि ज्यांच्या सल्ल्यासाठी ही सगळी वाहनं तिथे यायची, ते मामा होते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. एवढंच काय, ते गाडीत बसतही नसत. कुठे जायचं असेल तर आगगाडीने जात, आणि जिथे आगगाडी जात नाही तिथे पायी. लग्नाच्या बसमध्ये सगळं वऱ्हाड चढायचं आणि मामा छत्री घेऊन पहाटेच चालायला लागलेले असायचे.

त्यांची टायर पारखायची पद्धत एकदा तरी बघावी अशी होती. दुकानातून आणलेला कोरा टायर ते आधी ओट्यावर उभा करत आणि त्याच्याभोवती एक फेरी मारत, मुलगी पाहायला आलेल्या सासऱ्यासारखी. मग रबरावरचे बारीक केस बोटाने चाचपत. अंगठ्याचं नख रुतवून ते किती वेळ उमटून राहतं ते बघत. नाकाजवळ नेऊन वास घेत. हे सगळं झालं की गाडीकडे ढुंकूनही न बघता मालकाला प्रश्न विचारायला सुरुवात करत. घरात आधी कोण उठतं? जेवताना बोलता का? बायकोशी भांडण झालं तर घरातच थांबता की बाहेर पडता? एका सरकी व्यापाऱ्याने चिडून विचारलं, "मास्तर, टायर घ्यायचा आहे, सोयरीक नाही जुळवायची." मामा शांतपणे म्हणाले, "भांडून बाहेर पडणारा माणूस भर दुपारी गाडी हाणतो. आपल्याकडे वैशाखात डांबर पातळ होतं. तुम्हाला मोराच्या छापाचा मऊ टायर देऊन चालणार नाही, बाणवाल्या कंपनीचा कडक घ्या." व्यापारी मुकाट्याने बाणवाला घेऊन गेला. काळ्या मातीत जाणाऱ्या जीपला खोल नक्षी, केळीचा माल भरणाऱ्याला जाड बाजू, नुसतंच देवदर्शनाला जाणाऱ्याला साधा. तीन चांदण्यांच्या कंपनीविषयी ते म्हणायचे, "माल चांगला आहे, पण बिचारा फार लवकर घाबरतो." इथपर्यंत त्यांचं सगळं म्हणणं अक्कलहुशारीचं होतं, आणि त्यांच्या शब्दावर दुकान चालवणारे टायरवाले चाचा तर ते कंपनीच्या माणसालाही ऐकवत असत.

पुढचा भाग मात्र ज्याने त्याने आपापल्या हिमतीने ऐकायचा. पारख झाली की मामा टायर गल्लीच्या उतारावर सोडून देत. तो घरंगळत जाऊन कुठेतरी कलंडला, की उकिडवे बसून त्याला कान लावत आणि डोळे मिटत. बहुतेक वेळा "चांगला आहे, न्या" एवढंच म्हणत. पण कधी कधी त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते एखाद्या जागेचं नाव घ्यायचे. चोपड्याच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, "लासूरच्या अलीकडे एक चिंच आहे. तिथे ही गाडी थांबेल." डॉक्टरांनी ही गोष्ट महिनाभर हसत हसत सगळ्यांना सांगितली. मग एका दुपारी त्याच चिंचेखाली त्यांची गाडी बंद पडली. इंजिनात काही बिघाड नव्हता, टाकीत पेट्रोल होतं. आणि चिंचेच्या पलीकडच्या बाजूला सोडलेल्या बैलगाडीत एक बाई अडली होती. मूल पायाळू होतं. डॉक्टरांनी तिथेच बाळंतपण केलं, हात धुतले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर डॉक्टर ही गोष्ट सांगताना हसत नसत.

माझं जळगावला औषधांचं दुकान. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी एक जुनी गाडी घेतली आणि बायकोच्या हट्टापायी टायर घ्यायला धुळ्याला गेलो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता; पण मामेसासऱ्यांसमोर विश्वास नसल्याचं सांगायचं धैर्यही नव्हतं. माझीही चौकशी झाली. मोराचा टायर माझ्यासारख्या भित्र्या माणसाला बरा, असा निकाल लागला. चाचांनी चार कोरे टायर पाठवले. तीन सरळ घरंगळत उताराला जाऊन पडले. चौथा निम्म्या उतारावर गेला, हळू झाला, वळला, आणि चढाला लागून परत वर आला. मामांच्या ओट्याच्या पायरीला टेकला आणि तसाच उभा राहिला. पडला नाही. भर सकाळ होती, समोर भाजीवालीची गाडी उभी होती, नळावर बायका होत्या. नळाखालची घागर भरून वाहायला लागली, तरी ती कोणी उचलली नाही.

मामांनी त्याला कान लावला नाही. लांबूनच बघत राहिले. चाचा हळूच म्हणाले, "मास्टरजी, बदलून देऊ का?"

"नको," मामा म्हणाले. "जावईबापू, हा मागे डाव्या बाजूला लावा. याला माझ्याकडेच यायचं आहे."

परतताना पारोळ्यापर्यंत बायको वळून वळून त्या चाकाच्या बाजूला बघत राहिली. मी मात्र गल्लीतला एखादा खड्डा, दगड, असलं काहीबाही बोलत राहिलो.

पुढच्या वैशाखात आम्ही दोघं मालेगावला एका लग्नाला निघालो. धुळ्यात थांबायचं नव्हतं. पण मोठ्या रस्त्यावर काहीतरी खोदकाम निघालं होतं. पोलिसाने गाड्या आत वळवल्या, पुढची गल्ली मांडवाने अडवलेली, म्हणून आणखी आत वळलो. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. मागच्या बाजूला फसफस असा लांबलचक सुस्कारा ऐकू आला, गाडी डावीकडे झुकली आणि थांबली. मी मान वर केली, तर समोर मामांचा ओटा.

मामा ओट्यावर बसले होते. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात शाळेतला जुना कोट, मांडीवर पिशवी. दाराला कुलूप. पाण्याचा माठ रिकामा करून पालथा घातलेला. "आलात?" ते म्हणाले. "मी सकाळपासून बसलोय." आम्ही गाडीतून उतरायच्या आत चाचा जॅक घेऊन गल्लीत शिरले. बायको दार उघडून उतरली. तिने विचारलं, "चाचा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मास्टरजींनी. काल." एवढंच बोलून चाचांनी चाक काढलं. ट्यूब पाण्याच्या टपात सगळीकडून दाबून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. त्यांनी पुन्हा पाहिली, मग माझ्याकडे न बघता हवा भरली आणि चाक चढवलं.

"मला वाटलं होतं माझाच दिवस भरला," मामा कोटाची बटणं चाचपत म्हणाले. "म्हणून काल सगळं आवरून ठेवलं. पण रात्रभर विचार केला, मरायला गाडी कशाला लागते? तेव्हा जावईबापू, मला चाळीसगावला घेऊन चला. अक्काकडे."

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या बायकोची मोठी मावशी. बावीस वर्षांपूर्वी तिच्या यजमानांची जीप टायर फुटून कन्नडच्या घाटात कोसळली होती आणि ते गेले होते. त्यानंतर मामा चाळीसगावला गेले नव्हते. या दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध कोणी लावला नव्हता. तो मामांनी गाडीत लावून दिला. पुढच्या सीटवर बसून, दोन्ही हातांनी सीटची कड धरून, रस्त्यावरची नजर न काढता ते सांगत होते. त्या जीपचे टायर त्यांनी निवडले होते. दाजी त्यांना दुकानात घेऊन गेले होते, चित्रकार मेहुण्याची नजर चांगली म्हणून. "मी नक्षी बघून निवडले," ते म्हणाले. "वेलीसारखी नक्षी होती. मला दुसरं काय कळत होतं तेव्हा?" मेहुणबाऱ्याचा पूल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि पूल संपल्याचं बायकोने सांगितल्यावरच उघडले. लग्न चुकलं होतं. त्याचा विषय आम्हा दोघांपैकी कोणीही काढला नाही.

अक्का दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, ताठ. आत चार पाटांवर चार ताटं मांडलेली होती. आम्ही येणार हे आम्हालाही सकाळी माहीत नव्हतं. "उना का रे भाऊ?" त्या म्हणाल्या. "चाल, जेवण तयार शे." ताटं कोणासाठी मांडली ते बायकोने विचारलं, तर म्हणाल्या, "सकायपासून वाटी राह्यनं व्हतं, कोनी तरी येवाव शे."

मामा जेवायला बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले आणि बावीस वर्षांपूर्वी जे बोलायचं होतं ते बोलले, की अक्का, ते टायर मी निवडले होते. अक्का वरण वाढत होत्या. वाढायच्या थांबल्या.

"त्या टायर?" त्या म्हणाल्या. "त्या तं त्यास्नी आठ दिनमाच इकी टाक्या व्हतात. जुन्या चढायात नि वरनी रक्कम मिरचीना बियानंमा लाई. तुन्हा टायरवर ती जीप घाटमा गईच नही."

म्हणजे मामांचे टायर दाजींनी आठ दिवसांतच विकले होते, आणि घाटात कोसळली ती जुन्या टायरांवरची जीप. मग मामांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू उना कोठे?" अक्का म्हणाल्या. "बावीस वरीस तुन्ही वाट दखी." आणि त्यांनी मामांच्या ताटात वरण वाढलं. मामा पाटावर बसले. कोट अंगात तसाच होता.  अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

अक्कांनी मामांना तिथे आठ दिवस ठेवून घेतलं. त्यानंतर त्यांना टायरमधून काहीही ऐकू आलं नाही. लोक पूर्वीसारखेच येत. मामा नख रुतवत, वास घेत, कुठल्या कंपनीचा घ्यावा ते नीट सांगत. पण कान लावला की म्हणत, "रबर आहे." लोकांची निराशा व्हायची. हळूहळू ओट्यासमोरची रांग आटली. चाचांनाही वाईट वाटलं असावं, पण ते म्हणायचे, "मास्टरजींची तब्येत सुधारली, हे बघा." आता मामा नाहीत, अक्का नाहीत. दुकानात गेलो की पोऱ्या रंगीत कागद पुढे करतो, मी बोट ठेवतो, आणि घरी येताना उगाचच वाटत राहतं की आपल्याला कोणी काहीच विचारलं नाही.

मला त्यांची आठवण येते ती मात्र चाळीसगावहून परत आणतानाची. आठ दिवसांनी आम्ही त्यांना घ्यायला गेलो होतो. मेहुणबाऱ्याच्या अलीकडेच त्यांची मान खिडकीला टेकली. आधी मला भीती वाटली. मग त्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज आला. ज्या माणसाने बावीस वर्षं गाडी टाळली होती, तो पूल, वळणं, ट्रकचे भोंगे, सगळ्यातून झोपून राहिला. धुळ्यात गल्लीत गाडी उभी केली तेव्हाही ते झोपलेलेच होते. आजूबाजूची माणसं गोळा झाली. मामांची कलंडलेली मान बघून नळावरच्या एका बाईने तोंडाला पदर लावला. बायकोने काचेतून तिला हाताने खूण केली, की झोपलेत, फक्त झोपलेत. मग सगळी गल्ली दबक्या पावलांनी पांगली, आणि आम्ही दोघं त्या तापलेल्या गाडीत, ते आपोआप जागे होईपर्यंत, न बोलता बसून राहिलो.