रूळ उचललेल्या वाटेवर

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. शिरूरच्या स्टँडवर आमच्या दोन सायकली एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "काकू, या वयात हे काय काढलंय?" मलाही तेच विचारायचं होतं. पण आमचे हे नुकतेच निवृत्त झाले होते. दौंडजवळच्या रेल्वेच्या ज्या आडफाट्यावर त्यांनी सव्वीस वर्षं गँगमनची नोकरी केली, तिथले रूळ रेल्वेनं उचलल्यावर गावकऱ्यांनी मुरूम टाकला होता, आणि आता त्यावरून सायकली जात. "सपाट वाट आहे. रमतगमत जाऊ," हे म्हणाले.

वाट सपाट होती, पण मुरमाखालची खडी तशीच होती. पहिल्या मैलातच माझी हाडं खिळखिळी झाली. दुसऱ्यात टायरात बाभळीचा काटा घुसला. वाटेतल्या वाडीवरच्या सायकलवाल्या रशीदचाचांनी पंक्चर काढताना टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अजून दोन काटे हायेत. बसा निवांत."

निवांत बसायला हे तयार असतील तर ना. दर मोरीपाशी (भरावाखालच्या छोट्या पुलापाशी) सायकल आडवी टाकून हे खाली वाकायचे. दगड निसटलाय का, माती खचलीय का. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खातानाही नजर जमिनीवरच. मी काही विचारलं की नुसतं "हं".

पुढे एका ऊसवाल्यानं पाइपलाइनीसाठी भराव आरपार खोदला होता. तो म्हणाला, "दोन दिसांत बुजवतो, आप्पा. तवर चरातनं जावा."

"आता पुरे. मी सडकेनं परत जाते," मी म्हणाले.

"जा. मी पुढं जातो," हे म्हणाले.

मी खरंच निघाले. थोडी गेले असेन, तोच गवत कापणारी एक बाई म्हणाली, "ताई, तुमचं मालक चरात उतरल्यात. पर मघाधरनं वर न्हाई आलं."

मी धावत मागे आले. हे चरात सायकलला धरून उभे होते. गुडघा आखडला होता. हाक मारली नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

"ओरडायचं नाही का?"

"तू चिडली होतीस."

ऊसवाल्यानं आणि मी मिळून त्यांना वर काढलं. ते खडीवर बसले. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं रोज या वाटेनं चाललो, पाना-हातोडा घेऊन, मान खाली घालून. एकदा तरी नुसतं जायचं होतं गं. पण मान वर होतच नाही."

गुडघा सुटल्यावर मी सायकल पुढे घातली. "खालचं मी बघते. तुम्ही खाली बघितलंत तर याद राखा."

मागून कुरकुर आली, पण थांबणं झालं नाही. उरलेली वाट आम्ही अतिशय हळू, खड्डे खात पार केली. माझी कंबर पुढे आठवडाभर दुखली.

शिरूरला परतल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हणणार होते, काटे. पण हे आधी बोलले. भरावाच्या दोन्ही बाजूंना तळी आहेत म्हणाले, एकात पांढरे बगळे, दुसऱ्यात कमळं. उसाला तुरे आलेत, आणि त्या वाटेवरून भुलेश्वराचा डोंगर दिसतो.

"एवढी वर्षं तिथं होतात, तुम्हाला माहीत नव्हतं?" काकांनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "कोणी सांगितलंच नाही."